नातूबंधूंचा गुन्हा काय होता?

दोन महिने काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी पडद्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. आता दिसतंय व्यवस्थित. तेव्हा आज जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊनच बसा.

निमित्त झालं ते नातीचं. नोकरीची सगळी वर्षं माझी अमरावती जिल्ह्यात गेली, पण आता आम्ही दोघं लेकीकडे पुण्यात, औंधला असतो. नात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा दोघं बसने गावात निघालो होतो, गणेशखिंड रस्त्याने. मी सवयीप्रमाणे (मास्तरकीची खोड जात नाही!) बोट दाखवून म्हटलं, "याच रस्त्यावर रँडला उडवला."

ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आजोबा, मग चापेकर टेररिस्ट होते का?"

"छे गं, क्रांतिकारक होते."

"आणि टिळक?"

"टिळक म्हणजे लोकमान्य! काय विचारतेस?"

"मग दोघं एकाच धड्यात का असतात? एकाने गोळी घातली, दुसऱ्याने लेख लिहिले. एकच केस होती का?"

मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मी इतिहास आणि मराठी हे दोन विषय एकतीस वर्षं शिकवले. हा धडा किती वेळा शिकवला याची गणती नाही. तो मी कसा शिकवायचो ते आठवून पाहिलं. पुण्यात प्लेग आला, रँडने अत्याचार केले, टिळकांनी 'केसरी'तून आसूड ओढले, त्या लेखांनी पेटून चापेकर बंधूंनी रँडचा वध केला, सरकारने चापेकरांना फाशी आणि टिळकांना तुरुंग दिला. मुलं माना डोलवायची. आठ मार्कांचा प्रश्न.

आता मजा अशी की ही जी माळ मी ओवत होतो, लेखातून गोळी निघाली, ती मुळात कोणी ओवली होती? सरकारने! इंग्रज अधिकाऱ्यांचं आणि मुंबईतल्या इंग्रजी पत्रांचं म्हणणं अगदी हेच होतं. त्यांनी ते आरोप म्हणून मांडलं, आम्ही ते अभिमान म्हणून उचललं. खरं काय झालं ते पाहायला मी जुनी पुस्तकं पुन्हा काढली, वाचनालयात दोन-तीन खेपा घातल्या. जे हाती लागलं ते सांगतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. वर्ष संपता संपता तो पुण्यात पोचला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला (हाच तो कायदा, जो २०२० साली कोरोनात पुन्हा बाहेर काढला गेला) आणि पुण्याला प्लेगची खास समिती नेमली. प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. हा गृहस्थ आधी साताऱ्याकडे होता आणि वाईच्या मिरवणुकीतल्या वाद्यांच्या प्रकरणात तिथल्या प्रतिष्ठित मंडळींना शिक्षा केल्यामुळे त्याचं नाव आधीच झालेलं होतं. मार्चच्या मध्यापासून घरोघर तपासणी सुरू झाली आणि त्यासाठी गोरे सोल्जर लावले. रोगी शोधून इस्पितळात न्यायचा, घरातल्यांना वेगळ्या छावणीत न्यायचं, घर धुऊन काढायचं, संशयित सामान जाळायचं. शास्त्राच्या दृष्टीने त्यात फार चूक होती असं नाही. पण बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणारा सोल्जर, परक्या पुरुषाने बायाबापड्यांची काखा-जांघा तपासणं, भाषा एकमेकांची एकमेकांना कळत नाही... लोकांना ते कसं वाटलं असेल याची कल्पना करा.

एक गोष्ट धड्यात कधीच नव्हती, ती म्हणजे अफवा. साथीबरोबर त्यांचंही पीक आलं. इस्पितळात नेऊन माणसाची मोमियाई काढतात. डॉक्टर विष घालतात. मुंबईत तर चिडलेल्या गिरणी कामगारांनी १८९६ च्या ऑक्टोबरात आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. यातली एक अफवा विलक्षण आहे. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं होतं. लोक म्हणू लागले, राणीला राग आलाय, तिने मुंबईकरांची काळजं मागितली आहेत, ती काढायलाच माणसं इस्पितळात नेतात. आता हे डांबर कोणी फासलं होतं? दामोदर हरी चापेकरने. पकडल्यावर त्याने स्वतःच सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपल्या डांबराच्या डब्यातून अशीही एक कहाणी निघेल.

तेव्हा गावात तीन निरनिराळ्या गोष्टी चालल्या होत्या. एक, भेदरलेल्या लोकांच्या अफवा. दोन, शहाण्यासुरत्या लोकांच्या तक्रारी: अर्ज, पत्रं, वर्तमानपत्रातले लेख, सही करून, नाव घालून. आणि तीन, चापेकरांचं गुपचूप चाललेलं काम. हे तिसरं काम खरोखर होतं, ते काही सरकारच्या डोक्यातून निघालेलं भूत नव्हतं. चिंचवडच्या हरिभाऊ कीर्तनकारांची ही मुलं, दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. तालीम, गुप्त मंडळी, शस्त्रं जमवणं. दामोदरने तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त पुन्हा वाचलं आणि खरं सांगतो, मी थोडा चरकलो. धाडस आहे, निष्ठा आहे, पण इंग्रजांइतकाच राग सुधारकांवर आहे. धर्म बुडवणारे म्हणून आपल्याच माणसांचा द्वेष आहे. टिळकसुद्धा त्याला पुरेसे कडवे वाटत नव्हते! हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. फोटोत फक्त पागोटं आणि डोळ्यातलं तेज दिसतं.

दुसऱ्या बाजूला टिळक काय करत होते? साथीत पुण्यातले बरेच पुढारी गाव सोडून गेले, हे राहिले. हिंदू रुग्णांसाठी वेगळं इस्पितळ काढलं, तिथे जात-येत राहिले. सुरुवातीला 'केसरी'ने तपासणीला सहकार्य करा असंच लिहिलं. नंतर सोल्जरांच्या वागणुकीवर धार वाढत गेली, ते खरं. मग जूनमध्ये शिवाजी उत्सव झाला. त्यात प्रा. भानूंचं अफझलखान प्रकरणावर व्याख्यान झालं, टिळक अध्यक्षस्थानी होते, आणि खानाला मारण्यात महाराजांना पाप लागलं का, यावर चर्चा झाली. उत्सवाची हकीगत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता १५ जूनच्या 'केसरी'त आली.

बरोबर सात दिवसांनी, २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवाची मेजवानी गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर झाली (आज जी विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तीच). परतणाऱ्या बग्ग्यांपैकी एकीवर मागून चढून दामोदरने रँडवर गोळी झाडली, आणि दुसरीतल्या लेफ्टनंट आयर्स्टला बाळकृष्णाने मारलं. आयर्स्ट जागच्या जागी गेला, बायको शेजारी बसलेली. रँड ३ जुलैला गेला.

आता माझा खरा विषय सुरू होतो.

खुनी कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. वीस हजारांचं बक्षीस लावलं. कलेक्टर लँब यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावून दम भरला. जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरावरच लादला. खुनी सापडेना म्हटल्यावर खुन्याच्या जागी एक गोष्ट सापडली: 'पुण्याचा कट'. पुण्यातले ब्राह्मण, त्यांची पत्रं, त्यांचे उत्सव, त्यांच्या तालमी, सगळं मिळून एकच मोठं कारस्थान! या कारस्थानाची सोय अशी की ते सिद्ध करायला खुनी सापडण्याची गरज नव्हती. ज्यांची नावं-पत्ते आधीच ठाऊक होते त्यांनाच उचललं की झालं.

टिळकांना २७ जुलैला मुंबईत अटक झाली. इथे एक गैरसमज दूर करतो, जो मीही कित्येक वर्षं पसरवला. "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" आणि "राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे" हे दोन अग्रलेख सगळ्यांना पाठ असतात, आणि त्यांच्यावरच खटला झाला असं आपण धरून चालतो. ते लेख जुलैतले, खुनानंतरचे. खटला उभा राहिला तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे उत्सवाची हकीगत आणि ती कविता. खुनाचा आरोप टिळकांवर नव्हताच. पण आठवड्याने खून झाला ही गोष्ट कोर्टात कोणाच्या डोक्यातून जाणार होती?

बदरुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. सप्टेंबरात मुंबईच्या हायकोर्टात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीत नऊ जण, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. लेख मराठी, कविता मराठी, आणि ज्यूरीतल्या बहुतेकांच्या हातात फक्त इंग्रजी भाषांतर. मराठीचा मास्तर म्हणून मला इथे फार वाईट वाटतं. साधा 'वध' हा शब्द घ्या. आपण कंसाचा वध म्हणतो, अफझलखानाचा वध म्हणतो, पण शेजाऱ्याचा वध झाला असं कधी म्हणत नाही, तिथे खूनच. शब्दाच्या पोटात न्याय-अन्यायाचा सगळा निवाडा बसलेला असतो. तो इंग्रजीत कसा उतरायचा? शिवाय स्ट्रॅचीसाहेबांनी ज्यूरीला कायदा समजावताना सांगितलं, की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. सहा कोण आणि तीन कोण ते सांगायला नकोच. दीड वर्ष सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी सरकारने ते कलम, १२४-अ, आणखी रुंद करून घेतलं.

टिळकांचं निदान इतकं तरी झालं की खटला झाला. आरोपपत्र होतं, वकील होता, तीन माणसांनी 'निर्दोष' म्हटलं, आणि ते कागदावर राहिलं. नातूबंधूंचं तेवढंही झालं नाही.

(नातीच्या निमित्ताने नातू! आमची ही म्हणाली, "तुम्हाला कोट्या सुचतात म्हणजे डोळा बरा झाला.")

बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू हे पुण्यातले सरदार, जमीनजुमला असलेली माणसं. आणि घराणं कोणतं? ज्या बाळाजीपंत नातूंनी १८१७ साली इंग्रजांना मदत केली, शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण चढवलं म्हणून आपण आजही बोटं मोडतो, तेच. म्हणजे इंग्रजी राज्याची आणि या घराची ओळख ऐंशी वर्षांची. हे दोघे काही साधुसंत नव्हते हेही सांगायला हवं. पक्के सनातनी, सुधारकांच्या विरोधी गोटातले, उत्सव-तालमींना हात देणारे. पण प्लेगच्या काळात तात्यासाहेबांनी केलं ते एवढंच, की सोल्जर कसे वागतात त्याच्या तक्रारी अधिकाऱ्यांकडे केल्या. लेखी. स्वतःच्या नावाने.

२८ जुलैला दोघांना उचललं. कायदा कोणता, तर १८२७ चं रेग्युलेशन २५. संस्थानिक आणि बंडखोर सरदारांसाठी केलेला, सत्तर वर्षं जुना. त्यात आरोप सांगायचा नसतो, पुरावा दाखवायचा नसतो, मुदत नसते. एकाला एका तुरुंगात, दुसऱ्याला दुसऱ्या, मिळकतीवर जप्ती. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, की यांचा गुन्हा काय? उत्तर एकच, सरकारची खात्री आहे. कशाची खात्री, ते नाही.

याच दिवसांतला गोखल्यांचा प्रसंग याला जोडून वाचला की अंगावर काटा येतो. गोपाळराव तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याच्या स्नेह्यांनी पत्रं लिहिली होती, त्यावर विश्वासून त्यांनी तिथल्या पत्रात सांगितलं, की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले, एकीने जीव दिला. हलकल्लोळ झाला. पुरावा आणा! ते बोटीने परत येईपर्यंत इकडे टिळक आणि नातूबंधू आत गेलेले. आता कोण पुढे येऊन सांगणार, की हो, मी लिहिलं होतं? तक्रार लिहिणाऱ्याचं काय होतं ते गावाने आठवडाभर आधीच पाहिलं होतं. गोखल्यांनी स्नेह्यांची नावं फोडली नाहीत आणि ४ ऑगस्टला बिनशर्त माफी मागितली. तो डाग त्यांना जन्मभर सलला. ते आरोप खरे होते की खोटे? आज कोणीच सांगू शकत नाही, कारण ज्यांना विचारायचं त्यांची तोंडं आधीच बंद केली होती. अफवा आणि तक्रार यांत फरक करायचा असेल तर तक्रारदाराला बोलू द्यावं लागतं. ते न झाल्यामुळे दोन्ही एकाच पोत्यात गेल्या.

आणि खुनी? ते सगळा वेळ मोकळेच होते! त्यांनी अर्ज केला नव्हता, सभा घेतली नव्हती, लेखाखाली सही केली नव्हती. अखेर दामोदर सापडला तो ऑक्टोबरात, बक्षीस आणि गणेश द्रविड या फितुराच्या माहितीवरून. अगदी जुन्या, साध्या पोलिसी रीतीने. साध्या कोर्टात खटला चालला, १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली. टिळक त्याच तुरुंगात होते, त्यांनी त्याला गीता दिली असं सांगतात. फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना मारलं. मे महिन्यात पाच दिवसांत तीन फाशा झाल्या, वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण. एका आईची तीन मुलं गेली. आणि त्या द्रविडांच्या आईची दोन. हेही मी वर्गात कधी म्हटलं नाही. फितूर म्हटलं की आपण पुढे विचारच करत नाही.

म्हणजे खरा कट तीन भाऊ आणि दोन-चार मित्र एवढाच. बाकीचा अवघ्या पुण्याचा कट कधी सिद्ध झाला नाही. नातूबंधूंवर १८९९ पर्यंत सुटकेच्या वेळीही आरोप असा काही ठेवला गेला नाही.

आमच्या अमरावतीचा इथे थोडा अभिमान मिरवतो. डिसेंबर १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली होती, अध्यक्ष शंकरन नायर. टिळकांच्या शिक्षेवर सुरेंद्रनाथ बॅनर्जी तिथे फार कळवळून बोलले, आणि खटल्याशिवाय माणसं डांबण्याचा प्रश्नही त्या मांडवात निघाला. हे शंकरन नायर लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

कारण ती 'कटाची' गोष्ट संपली नाही. एकदा कागदावर आलेली गोष्ट संपत नसते, ती पुढच्या कागदाला आधार म्हणून जोडली जाते. १९१० साली व्हॅलेंटाईन चिरोल या पत्रकाराने पुस्तक लिहून टिळकांना हिंदी असंतोषाचा जनक ठरवलं आणि खुनांशी त्यांचा धागा जोडला. टिळकांनी लंडनला जाऊन अब्रूनुकसानीचा दावा लढवला. म्हाताऱ्या वयात, मंडालेहून परतल्यावर! १९१९ च्या फेब्रुवारीत ते हरले. आपण अभिमानाने 'असंतोषाचे जनक' म्हणतो ते बिरुद मुळात चिरोलचं आहे, आणि ज्या पुस्तकात ते आलं त्याच्याविरुद्ध टिळक स्वतः कोर्टात उभे होते. पुतळ्यांखाली ते कोरताना कोणाच्या लक्षात येत नाही.

त्याच सुमाराला राउलट समितीचा अहवाल आला, १९१८ साली. त्याचं पहिलंच प्रकरण मुंबई इलाख्यातल्या कटांवर, आणि सुरुवात कुठून? गणपती उत्सव आणि शिवाजी उत्सव! लेझीम, मेळे, व्याख्यानं, आणि मग चापेकर. वीस वर्षांपूर्वीची तीच माळ, आता छापील आणि अधिकृत. त्या अहवालाच्या जोरावर मार्च १९१९ मध्ये राउलट कायदा झाला. ना वकील, ना अपील, ना दलील. एप्रिलच्या १० तारखेला अमृतसरला सैफुद्दीन किचलू आणि सत्यपाल या दोन पुढाऱ्यांना असंच खटल्यावाचून उचलून बाहेर नेलं. पुढे तीन दिवसांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जालियनवाला बागेत सरकारी आकड्यानेच ३७९ माणसं मेली. व्हाइसरॉयच्या मंडळातला राजीनामा देऊन बाहेर पडलेला माणूस कोण? अमरावतीच्या अध्यक्षपदावरचे ते शंकरन नायर.

आता माझं थोडं. हे लिहायचं की नाही यावर चार दिवस घातले.

१९७५ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो, अजून कायम झालो नव्हतो. शाळेत संस्कृतचे एक ज्येष्ठ शिक्षक होते. नाव लिहीत नाही. हा माणूस कसल्या भानगडीत नव्हता. फीवाढीच्या विरोधात एका सभेत बोलले होते, मोर्चात पुढे चालले होते. आणीबाणी आली आणि पंधरा दिवसांत रात्री त्यांना नेलं, 'मिसा'खाली. त्यांच्या पत्नीला मिळालेला कागद मी पाहिला होता. सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक, एवढंच. काय केलं, कधी केलं, काही नाही. संस्थेने पगार थांबवला. बाई दर महिन्याला कचेरीत येऊन बाकावर बसून राहायच्या. मग आमच्यातल्या दोघातिघांनी अर्ज लिहिला, निदान अर्धा पगार घरी द्यावा म्हणून. सहीसाठी कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी म्हटलं, "उद्या करतो." दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

सर १९७७ साली सुटून आले. शिक्षकांच्या खोलीत आले, खुर्ची पुसली, आणि मला विचारलं, "आठवीचं कुठवर आलंय?" त्या अर्जाचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मी पण नाही. ते जाऊन आता बारा वर्षं झाली. नातूबंधूंची हकीगत वाचताना मला गोखल्यांचे ते पत्र लिहिणारे स्नेही दिसले, जे पुढे आले नाहीत. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. तिने मला तिची पुस्तकं दाखवली. स्वतंत्र भारतात १९६२ साली सुप्रीम कोर्टाने १२४-अ ला लगाम घातला, नुसती टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, हिंसेला चिथावणी हवी. २०२२ मध्ये त्या कलमाचा वापरच थांबवला. २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, त्यात 'राजद्रोह' शब्द नाही, पण १५२ वं कलम आहे, आणि ते किती वेगळं यावर वाद आहे. शिवाय यूएपीए. हा कायदा १९६७ चा, त्यात दहशतवादाची व्याख्या २००४ साली आली, आणि २०१९ पासून संघटनेलाच नव्हे तर एकट्या माणसालाही सरकार दहशतवादी जाहीर करू शकतं. २०२१ साली दिल्लीच्या हायकोर्टाने तीन विद्यार्थ्यांना जामीन देताना निषेध करणं आणि दहशतवाद यांतली रेषा पुसट होत चालल्याची चिंता बोलून दाखवली. सुप्रीम कोर्टाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका असं सांगितलं. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, आपल्या विधिमंडळात जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं तेव्हाही भांडण तेच, 'बेकायदेशीर कृत्य' या शब्दांच्या पोटात काय काय मावतं?

राजकारणावर इथे लिहायचं नाही असा माझा नेम आहे, घरातच चार पक्ष आहेत. खरे कट होतात, बॉम्ब फुटतात, निरपराध माणसं मरतात. मुंबई-पुण्यात आपण ते पाहिलं आहे, माझा एक विद्यार्थी २००६ च्या लोकल स्फोटांत थोडक्यात वाचला. त्यांना शोधायला कायदा हवा, कडक हवा. पण मला नातीला एवढं तरी नीट सांगता आलं पाहिजे, की १८९७ साली पुण्यात गोळी झाडणारा, लेख लिहिणारा आणि अर्ज करणारा ही तीन निराळी माणसं होती. सरकारने तिघांना एक नाव दिलं. आणि गंमत म्हणजे आम्ही मास्तरांनीही पुढे तेच केलं, फक्त शिवी काढून तिथे हार घातला. गोळी झाडणाऱ्याचा पुतळा झाला, लेख लिहिणाऱ्याचा झाला. अर्ज करणारा मात्र दोन्हीकडून गेला. आमच्या धड्यात नातूबंधू एका ओळीतही नव्हते.

रविवारी हे सगळं तिला सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं पोरीने. मग विचारते, "पण आजोबा, त्या तात्यासाहेबांनी तक्रारीत नेमकं लिहिलं काय होतं?"

"सोल्जरांनी लोकांच्या घरात कसा धुडगूस घातला ते."

"एवढंच?"

"एवढंच."

आता तिला मूळ कागद पाहायचे आहेत. पुढच्या आठवड्यात पुणे पुराभिलेखागारात चौकशीला जाणार आहोत, ती आणि मी. सदाशिव-नारायण-शनिवार पेठेतल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी त्या साथीच्या वर्षातली जुनी पत्रं, अर्जांच्या नकला, मोडीतले का होईनात, असतील तर जरूर कळवा. मोडी मला वाचता येते, चष्मा नवा केला आहे.